शेवटची सायकल

आमच्या वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. पश्चिमेची हद्द वर्धा नदीनं आखून दिली आहे खरी. पण उन्हाळ्यातलं तिचं पात्र पाहिलं, तर तिला समुद्र म्हणण्याचं धाडस कवीलासुद्धा होणार नाही. 'बेट' म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे उभं राहतं ते बांबूचं बेट. डोंगर म्हणाल, तर सातपुड्याच्या काही टेकड्या आर्वी, कारंजा आणि सेलू या तालुक्यांत उतरल्या आहेत. सह्याद्री पाहिलेल्या पुणेकर पाहुण्याला त्या दाखवल्या, की तो सभ्यपणे गप्प बसतो.

अशा या जिल्ह्यात हल्ली पोरांना डोंगरी सायकलींचा नाद लागला आहे. जाड दातेरी टायरांच्या, पुढच्या चाकापाशी स्प्रिंगा असलेल्या त्या सायकलीला ती 'एमटीबी' म्हणतात. तिची किंमत ऐकून पालक काही वेळ काहीच बोलत नाहीत, आणि मग "आमच्या वेळी..." अशी सुरुवात करतात. मुलांच्या मोबाइलवर मॉरिशस, रियुनियन, हवाई असल्या बेटांवरची चित्रं असतात: एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला हिरवा कडा, आणि मधल्या बोटभर वाटेवरून एकामागून एक दहा-बारा सायकली चाललेल्या. ती चित्रं पाहून रविवारी पहाटे ही मंडळी निघतात, ती सेलूवरून हिंगणीच्या बाजूला!

हसू नका. त्या बेटांशी आमचं नातं आहे, आणि तेही दगडाचं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचले आणि दख्खनचा काळा दगड तयार झाला. हा रस भूगर्भातल्या ज्या तप्त स्थानातून वर आला, तेच आज रियुनियन बेटाखाली धगधगत आहे, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. आपला भूखंड त्याच्यावरून उत्तरेला सरकत आला. मागाहून त्याच चुलीवर मॉरिशस शिजलं आणि नंतर रियुनियन. म्हणजे हिंगणीच्या टेकडीवरचा दगड हा त्या बेटांच्या दगडाचा थोरला भाऊ. धाकट्या भावानं समुद्रकाठी बंगला बांधला आणि थोरला गावी शेती करीत राहिला, एवढाच फरक.

मॉरिशसशी तर आपलं माणसांचंही नातं आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आपली माणसं करारावर तिथल्या उसाच्या मळ्यांत राबायला गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं अजून मराठी मंडळं चालवतात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. उसाच्या शेतांमधून गेलेल्या तिथल्या कच्च्या वाटांवर आता हौशी लोकांच्या सायकली फिरतात. एके काळी जिथं डोक्यावर मोळी घेऊन माणसं चालली, तिथं नातवंडांच्या पिढीनं मौजेखातर घाम गाळावा, हा काळाचा महिमा.

हा खेळ तसा जुना नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथल्या काही तरुणांनी १९३०-४० च्या सुमाराच्या जाड टायरांच्या जुन्या सायकली डोंगरावर नेल्या आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी उतारावरची पहिली शर्यत लावली. उतार असा, की ब्रेकमधलं वंगण तापून जळून जाई आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागे. त्यावरून त्या वाटेचं नावच 'रीपॅक' पडलं. पुढे वीस वर्षांत, १९९६ साली अटलांटाला, हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. रियुनियनवरही दोन हजार मीटरांहून उंच असलेल्या माइदोच्या कड्यावरून थेट समुद्रापर्यंत शर्यत लावतात. शेकडो सायकली एकदम सुटतात. तिथं कोणी कोणासाठी थांबत नाही, आणि थांबूही नये, शर्यतच ती!

आमची पोरं मात्र शर्यतीला जात नाहीत, 'ग्रुप राइड'ला जातात. म्हणजे जाताना जितके तितकेच परत येणार, हा त्यातला अलिखित करार. मला त्यातली गंमत कळली ती दोन-तीन वर्षं त्यांच्यामागून पाय मारल्यावर.

ऋतू म्हणावा तर दिवाळीनंतरचा. पावसाळ्यात आमची काळी माती सायकल चालवूच देत नाही. दहा पावलांत चाकाला असा चिखलाचा थर चढतो, की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. कार्तिकात माती वाळते. कपाशी फुटलेली असते, तूर डोक्याएवढी झालेली असते, आणि दोन शेतांमधल्या पांदण रस्त्यावर बैलगाडीच्या चाकोऱ्या पक्क्या झालेल्या असतात. चाकोरीत चाक गेलं की ते सहजी बाहेर निघत नाही. निघालं तर स्वाराला घेऊन आडवं होतं. टेकडीच्या चढावर मुरूम लागतो. तिथं चाक घट्ट धरतं, पण उतारावर ब्रेक जोरात दाबला, की तोच मुरूम पायाखालच्या चण्यासारखा घरंगळतो. बाभळीचे काटे आणि सराटे यांच्याविषयी तर बोलायलाच नको. डनलॉप साहेबानं हवेचं टायर काढलं, तेव्हा त्याला आमचा सराटा ठाऊक नसावा.

शिवाय ही वाट आपली नाही. ती कापसाची गाडी हाकणाऱ्याची आहे, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेतलेल्या बाईची आहे. गाडी आली की उतरून धुऱ्यावर उभं राहायचं. घंटी वाजवून बैल बुजवायचे नाहीत. एकदा एक म्हातारबुवा गाडी थांबवून म्हणाले, "कुठी चालले जी गुरुजी, एवढ्या पोट्ट्यांले घेऊन?" मी म्हटलं, "कुठंच नाही, नुसतं फिरायला." त्यांनी माझ्याकडे ज्या करुणेनं पाहिलं, तशी करुणा मी अजून परीक्षकाच्या डोळ्यांत पाहिलेली नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. दहा-पंधरा सायकली निघतात, त्यांत एकाची चाळीस हजारांची गिअरची असते, तर एकाची त्याच्या वडिलांची, दुधाचे कॅन टांगून झिजलेली, बिनगिअरची. पहिल्या चढावर ओळ लांबते. दुसऱ्या चढानंतर पहिल्याला शेवटचा दिसत नाही. पुढची मंडळी समजूतदार असतात. ती टेकडीवर थांबतात, पाणी पितात, फोटो काढतात, चिवडा खातात. दहा मिनिटांनी शेवटचा धापा टाकीत वर येतो. "आलास? चला!" म्हणत सगळे उठतात आणि निघतात. आपण त्याच्यासाठी थांबलो, याचं समाधान प्रत्येकाच्या तोंडावर असतं. पण हिशेब मांडून पाहा. जे दमले नव्हते त्यांना दहा मिनिटं विश्रांती मिळाली, आणि जो खरा दमला होता त्याला एक मिनिटही नाही. पुढच्या चढावर तो आणखी मागे पडतो; मग म्हणायचं, "याला जमत नाही."

हे पहिल्यांदा ओळखलं ते आमच्या एका विद्यार्थिनीनं. खो-खो खेळणारी मुलगी. मनात आणलं तर सगळ्यांच्या पुढे जाईल. एका रविवारी ती आपण होऊन ओळीच्या शेवटी गेली. कोणी कारण विचारलं, तर म्हणाली, "आमच्या घरी गुरं आहेत, सर. गुराखी कधी कळपाच्या पुढे चालतो का?" तेव्हापासून आमचा नियम झाला. सर्वांत दमदार स्वार शेवटी. पंक्चरचं सामान आणि पंप त्याच्याजवळ. वाट फुटेल तिथं पुढच्यानं थांबायचं आणि डोकी मोजल्याशिवाय हलायचं नाही. आणि शेवटचा आला, की घड्याळ त्याच्यापासून सुरू करायचं: त्यानं पाणी प्यावं, खाली बसावं, आणि "निघू या" हा शब्द त्याच्याच तोंडून यावा.

हा नुसता शिष्टाचार नव्हे. हिंगणीच्या पलीकडे बोरचं जंगल सुरू होतं. १९७० साली ते अभयारण्य झालं, २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीवाचून आत पाऊल टाकता येत नाही, आणि आम्ही टाकतही नाही. परंतु वाघानं तो कायदा वाचलेला नाही. तो हद्दीबाहेरच्या शेतांतही येतो. सायकल ही बिनआवाजाची वस्तू. वळणावर ती एखाद्या जनावरासमोर अवचित उभी ठाकते. अमेरिकेत माँटाना राज्यात २०१६ साली वनखात्याचा एक अधिकारी सायकलवरून जाताना वळणावर अस्वलावर आदळला आणि प्राणाला मुकला. दहा माणसं गप्पा मारीत चालली असली, की जनावर आधीच बाजूला होतं. पण ओळ तुटली, की दहा माणसांचं बळ उरत नाही; उरतात ती दहा एकटी माणसं. त्यांतला सर्वांत एकटा तो, ज्याचं चाक सूर्य कलताना पंक्चर झालं आहे आणि ज्याची हाक पुढच्यांना ऐकू जात नाही.

मराठी शिकवणाऱ्याला अशा वेळी पुस्तक आठवायचंच. जॉन रस्किनचं 'अन्टू धिस लास्ट' गांधीजींनी १९०४ साली दक्षिण आफ्रिकेत आगगाडीत वाचलं आणि १९०८ साली गुजरातीत त्याचं सार 'सर्वोदय' या नावानं दिलं. 'या शेवटच्यालाही' असा त्या मूळ नावाचा अर्थ. पुढे १९३६ साली गांधीजी आमच्या वर्ध्याहून पायी शेगावला राहायला गेले. त्याचंच सेवाग्राम झालं. मौज अशी, की रस्किनला सायकलीचा मनस्वी तिटकारा होता. देवानं पाय दिले आहेत ते चालायला, असं त्याचं मत. त्याचं तत्त्व सायकलीच्या मागच्या चाकापाशी सापडावं, हे त्याला मुळीच रुचलं नसतं.

तेव्हापासून मला ही शेवटची सायकल भलत्याच ठिकाणी दिसू लागली आहे. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला धडा नुकता कळू लागलेला असतो, तोच पुढची बाकं "झालं, सर!" म्हणतात आणि पान उलटतं. घरात फराळाचं सगळं करून, सर्वांना वाढून गृहिणी पानावर बसते, आणि तिचा पहिला घास होतो न होतो तोच बाकीचे हात धुवायला उठतात. आपण थांबलेलो असतो, नाही असं नाही. फक्त ती आल्याबरोबर आपण निघतो.

म्हणून या सुट्टीत तुमच्या चिरंजीवांनी किंवा कन्यारत्नानं डोंगरी सायकलीचा हट्ट धरला, तर किमतीवरून वाद घालू नका. तो तसाही तुम्ही हरणार आहात. शिरस्त्राण घालायला सांगा, अंधारापूर्वी परत यायला सांगा, आणि बरोबरच्या मंडळींविषयी एकच गोष्ट विचारा: "तुमच्यात शेवटी कोण असतो?" उत्तरादाखल एखाद्या भरवशाच्या मुलाचं नाव आलं, तर खुशाल जाऊ द्या. "जो मागे पडेल तो," असं उत्तर आलं, तर मात्र त्यांना थोडा वेळ बसवून घ्या. चिवडा पुढे ठेवा, आणि गुराख्याची गोष्ट सांगा.