इतकी वर्षं ती का राहिली?

‘पण मग इतकी वर्षं ती त्याच्याजवळ राहिलीच कशाला?’

हा प्रश्न मी पोलीस चौकीत ऐकला आहे, कोर्टाच्या व्हरांड्यात ऐकला आहे, खुद्द मार खाणाऱ्या बाईच्या आईच्या तोंडूनही ऐकला आहे. मार्च २०१८ मध्ये तो मी लंडनच्या एका नाट्यगृहात, मध्यंतरातल्या आइस्क्रीमच्या रांगेत ऐकला. विचारणारी माझ्याच वयाची, चांगली शिकलेली बाई होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरीही तिला हाच प्रश्न पडला होता. तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

त्या महिन्यात मी लंडनला होते. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांसाठी तिथे जी निवारागृहं चालतात, त्यांचं काम पाहायला मी गेले होते. तिथल्या दोघी कार्यकर्त्यांनी मला ‘टीना’ हे नाटक पाहायला नेलं. अमेरिकन रॉक गायिका टीना टर्नर हिच्या आयुष्यावरचं हे नाटक. ऑल्डविच थिएटरमध्ये २१ मार्चला त्याचे प्रिव्ह्यू सुरू झाले होते आणि रीतसर उद्घाटन १७ एप्रिलला व्हायचं होतं. प्रिव्ह्यू म्हणजे आपली रंगीत तालीम नव्हे. प्रेक्षक तिकीट काढूनच येतात. पण नाटक अजून पक्कं झालेलं नसतं. लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळतात, कुठे टाळी देतात हे पाहून दिग्दर्शक रोज काटछाट करत असतो. म्हणजे प्रिव्ह्यूचा प्रेक्षक नुसता पाहत नाही, नाटक घडवायलाही हातभार लावतो.

हा प्रकार तिकडे ‘ज्यूकबॉक्स म्युझिकल’ म्हणून ओळखला जातो. नाणं टाकलं की हवं ते गाणं वाजवणारी ती पेटी आपल्याकडच्या जुन्या इराणी हॉटेलांतही असायची. आधीच गाजलेली गाणी घ्यायची आणि त्यांच्याभोवती गोष्ट गुंफायची, अशी याची रीत. आणि माझी पहिली तक्रार या रीतीबद्दलच आहे. लोक गाण्यांसाठी आलेले असतात, त्यामुळे दर पाच-सात मिनिटांनी गाणं यावंच लागतं. मारहाणीचा प्रसंग उभा राहतो, पोटात गोळा येतो, आणि तो गोळा तिथे टिकायच्या आत ड्रम वाजू लागतात. १९७६ सालच्या सुटकेच्या प्रसंगाला १९९३ साली आलेलं गाणं जोडलेलं आहे. गाणं सुंदर आहे, प्रश्न तो नाही. पण ज्या बाईची वर्षानुवर्षं मार खाण्यात गेली, तिचा मार आपण दोन गाण्यांच्या मधल्या जागेत बसवतो आहोत, हे कुणाला खटकत नव्हतं.

नाटकाची बाजूही सांगायला हवी. ते लिहिलंय कटोरी हॉल या कृष्णवर्णीय लेखिकेने आणि बसवलंय फिलिडा लॉइड या स्त्री दिग्दर्शिकेने. खुद्द टीना या निर्मितीत सहभागी होती. आपली गोष्ट आपल्या पद्धतीने सांगायचा तिचा हक्क मी कोण नाकारणार? मुख्य भूमिकेतल्या एड्रिएन वॉरेनने तर जीव ओतला होता. माझं भांडण आहे ते प्रेक्षागृहाशी.

ज्यांना टीना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तिचं खरं नाव अ‍ॅना मे बुलॉक. टेनेसी राज्यातल्या नटबुश या खेड्यातली कृष्णवर्णीय मुलगी. आइक टर्नर या वादकाच्या वाद्यवृंदात ती गाऊ लागली. १९६० साली पहिलं गाणं गाजलं तेव्हा आइकने तिला न विचारता तिचं नाव ‘टीना टर्नर’ ठेवलं आणि ते स्वतःच्या मालकीचं म्हणून नोंदवून टाकलं. उद्या ही निघून गेली तर दुसरी कुणीतरी ‘टीना’ म्हणून उभी करता यावी, हा हिशेब. १९६२ साली लग्न. मार त्याआधीच सुरू झालेला. १९६८ साली तिने झोपेच्या गोळ्या खाऊन जीव द्यायचा प्रयत्न केला. जुलै १९७६ मध्ये डॅलस शहरात गाडीतच पुन्हा मारहाण झाली. तिने पहिल्यांदा उलट हात उचलला आणि नवरा झोपल्यावर हॉटेलातून पळाली. महामार्ग ओलांडून समोरच्या हॉटेलात गेली. जवळ ३६ सेंट होते.

ती उलट मारते, तिथे आमच्या प्रयोगात कडाडून टाळी पडली. शिट्ट्यासुद्धा. मग ती समोरच्या हॉटेलात येते आणि खोली मागते, तिथे हॉल शांत होता. टाळी कुठे पडली आणि कुठे नाही, यातच सगळं आलं, असं मला वाटतं. त्या रात्री समोरच्या हॉटेलच्या मॅनेजरने तिला खोली दिली. पैसे नसताना, चेहरा सुजलेला असताना दिली. त्याने ‘हा तुमच्या घरातला मामला आहे’ असं म्हटलं असतं तर? तिचं सगळं धैर्य तिला महामार्गाच्या पलीकडे घेऊन आलं होतं, पण आत घेतलं ते उघडलेल्या दाराने. आपण धैर्याला टाळ्या देतो आणि दार विसरतो.

आणि मग विचारतो, इतकी वर्षं का राहिली! अहो, जाणार कुठे? गाणी तिची, गळा तिचा, कमाई त्याच्या हातात. पदरात मुलं: तिची स्वतःची दोन आणि त्याच्या आधीच्या संसारातली दोन. बाहेर पडल्यावर तिच्यावर काय आलं तेही पाहा. रद्द झालेल्या दौऱ्यांची देणी तिच्या डोक्यावर पडली. काही काळ सरकारी फूड स्टॅम्पवर, म्हणजे गरिबांसाठीच्या अन्नकुपनांवर, घर चालवावं लागलं. १९७८ साली घटस्फोट झाला तेव्हा तिने बहुतेक सगळ्यावर पाणी सोडलं, पण एक गोष्ट मागून घेतली: टीना टर्नर हे नाव. नवऱ्याने लादलेलं असलं तरी त्या नावावरच तिला काम मिळणार होतं.

इथे मला आमच्या केंद्रात आलेली एक बाई आठवते. लग्नात तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं होतं. दहावीच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. नवऱ्याने हाकलल्यावर अंगणवाडीत मदतनीस म्हणून अर्ज करायला गेली, तर ‘ही तूच कशावरून?’ असं विचारून परत पाठवलं. तिला पोटगीपेक्षा आधी स्वतःचं नाव हवं होतं. टीनाने घटस्फोटात नाव का मागितलं, हे तिला कुणी समजावून सांगावं लागलं नसतं.

तेव्हा प्रश्न बदलूया. ती का राहिली, हे विचारू नका. कुणाकुणाला माहीत होतं, ते विचारा. वाद्यवृंदातल्या माणसांना माहीत होतं. सुजलेल्या चेहऱ्याला रंग लावून ती मंचावर जात होती, हे त्यांना दिसत होतं. तिच्यावर पैसा कमावणाऱ्यांना ते दिसत नव्हतं? १९८१ साली तिने एका मासिकाच्या मुलाखतीत सगळं उघड सांगितलं. तरीही १९९१ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने तिचा सन्मान केला तो ‘आइक आणि टीना’ अशी जोडी लावूनच! स्वतःच्या एकटीच्या नावावर तो सन्मान यायला २०२१ साल उजाडावं लागलं. मध्ये तीस वर्षं गेली. २४ मे २०२३ रोजी ती वारली.

आणखी एक गोष्ट. त्या रात्री सभागृहात बहुतेक गोरे लोक होते. आइकचा राग करणं त्यांना सोपं होतं, कारण तो ‘त्यांच्यातला’ नव्हता. आपणही हेच करतो. मारहाण म्हणजे झोपडपट्टीतली, दारुड्यांची. आपल्या सोसायटीत फक्त ‘आवाज’ येतात. टीव्ही मोठा करून आपण ते आवाज बुजवतो.

नाटकाच्या शेवटी तर सगळा हॉल उभा राहून नाचत होता. माझ्या दोघी मैत्रिणीही नाचल्या, आणि खोटं कशाला सांगू, मीही टाळ्या वाजवल्या. जिंकलेल्या बाईचा आनंद व्हावाच. पण प्रत्येक बाईजवळ तो गळा नसतो. तिला स्टेडियम मिळणार नसतं. तिला छप्पर, चार पैसे आणि कागदावर बरोबर नाव एवढंच मिळालं तरी ती जगेल. एकटीच्या पराक्रमाची गोष्ट वारंवार सांगितली की जिला जमलं नाही तिच्यावरच दोष येतो, आणि पाहणारे सगळे निर्दोष सुटतात.

आपल्याकडे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. बाईला राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे, पैशाची अडवणूक हीसुद्धा हिंसाच आहे, हे त्यात लिहिलेलं आहे. पण चौथं कलम आपल्यापैकी किती जणींनी वाचलंय? हिंसा होते आहे असं ज्याला वाटतं अशी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. प्रामाणिक हेतूने कळवलं तर तिच्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. कुणीही, म्हणजे शेजारीण, भाजीवाली, शाळेतल्या बाई, कुणीही.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी ‘इतकी वर्षं का राहिली?’ हा प्रश्न ओठांवर येईल तेव्हा तो गिळा. त्याऐवजी स्वतःला विचारा: भिंतीपलीकडचा आवाज मी किती वर्षं ऐकते आहे? आणि ती रात्री-अपरात्री बाहेर पडली तर समोरचं दार माझं असेल का?