कृष्णधवलाचे सोवळे

कृष्णधवल छायाचित्रणाच्या उपासकांत एक प्रकारचे सोवळे पाळले जाते. कृष्णधवल प्रत काढायची तर कंडेन्सरचा एन्लार्जरच हवा. रंगीत मुद्रणासाठी घडवलेले कलर हेड म्हणजे निव्वळ तडजोड, असे ही मंडळी मानतात. आम्हांस हे मान्य नाही. कृष्णधवल प्रत ही वास्तवाची नक्कल नसून निगेटिव्हचे एक वाचन आहे, हे कलर हेडइतके स्पष्टपणे दुसरे कोणतेही साधन दाखवीत नाही.

थोडा तांत्रिक तपशील येथे अपरिहार्य आहे. इलफर्डने १९४० साली मल्टिग्रेड कागद आणला. त्यापूर्वी मवाळ वा कडक प्रतीसाठी निरनिराळ्या ग्रेडचे कागद बाळगावे लागत. मल्टिग्रेड कागदावर हिरवा प्रकाश मवाळ प्रतिमा उमटवतो, निळा कडक. पिवळा फिल्टर निळा प्रकाश अडवतो, मॅजेंटा हिरवा. म्हणजे कलर हेडवरील पिवळी चकती फिरवली की करड्या छटांचा विस्तार वाढतो. मॅजेंटा फिरवली की काळ्या-पांढऱ्याचा विरोध तीव्र होतो. (सायनची चकती बिचारी बसून राहते.) सुट्या फिल्टरांचा संच ०० पासून ५ पर्यंत अर्ध्या-अर्ध्या पायरीने चढतो, येथे पायऱ्याच नाहीत. अर्थात फिल्टर बदलला की प्रकाश देण्याची वेळही बदलते आणि काही हेडांवर अगदी कडक टोक गाठता येत नाही, हेही खरे.

सोवळेकरांचा मुख्य आक्षेप प्रकाशाच्या जातीवर असतो. कंडेन्सरचा प्रकाश एका दिशेने येतो. निगेटिव्हमधील चांदीचे कण तो विखुरतात आणि त्यामुळे प्रत अधिक कडक भासते. धूळ आणि ओरखडेही तितक्याच निष्ठेने उमटतात! कलर हेडचा प्रकाश मिश्रणपेटीतून पसरून येतो, म्हणून प्रत मवाळ वाटते. पण तो मवाळपणा मॅजेंटाने भरून काढता येतो. शिवाय ज्या ॲन्सेल ॲडम्सचे नाव हे उपासक आदराने घेतात, तोही पसरट प्रकाशाच्याच बाजूचा होता.

ॲडम्स मूळचा पियानोवादक. निगेटिव्ह ही स्वरलिपी आणि प्रत हे तिचे वादन, अशी तुलना तो करी. न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे १९४१ मधील त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्याच निगेटिव्हच्या प्रती तो पुढे अनेक वर्षे काढीत राहिला आणि नंतरच्या प्रतींत आकाश उत्तरोत्तर काळेभोर होत गेले. यांतली मूळ संहिता कोणती? पाठभेदांची चर्चा करणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न परका वाटू नये. आणि तरीही आत्मचरित्रात वा चरित्रग्रंथात छापलेले छायाचित्र आपण 'पुरावा' म्हणून किती निर्धास्तपणे वाचतो! चेहरा पिवळ्या प्रकाशात आणि आकाश मॅजेंटात, असे एकाच कागदावर दोनदा प्रकाश देऊन काढता येते; प्रत पाहणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही.

रंगीत मुद्रण संगणकाकडे गेल्यापासून अशी हेडे अडगळीत पडली आहेत. एखाद्या महाविद्यालयाच्या कपाटात त्यांपैकी एक असेल, तर ते भंगारात घालण्यापूर्वी एम. ए.च्या विद्यार्थ्यांना अंधारखोलीत न्यावे. निगेटिव्ह एकच द्यावी, आणि प्रत्येकाने काढलेली प्रत वर्गात शेजारी शेजारी लावावी.