पडद्याआडचे पानगृह

सभ्य गृहस्थाने जिचे नाव घेऊ नये, आणि घेतलेच तर आवाज खाली आणून घ्यावे, अशी एक जागा आपल्या प्रत्येक शहरात असते. सोलापुरात तिला कोणी गुत्ता म्हणतात, कोणी परमिट रूम. काळी काच, दारावर जाड पडदा, आत मिणमिणता दिवा, आणि बाहेर पडणाऱ्याची रस्त्याकडे पाहून घेण्याची ती चोरटी नजर, एवढ्यावरून ती कोणीही ओळखावी. या जागेची सारी अपकीर्ती मद्यामुळे आहे, असे आपण मानतो. आमचे म्हणणे असे की, तिचा निम्मा दोष मद्याचा असला तर निम्मा त्या पडद्याचा आहे. आणि तो पडदा दुकानदाराने नव्हे, तर आपल्या सभ्यपणाने शिवून दिलेला आहे.

सोलापुरात असे लिहू धजणाऱ्याने प्रथम १९३० सालाला उत्तर दिले पाहिजे. गांधीजींच्या अटकेनंतर, ८ मे १९३० रोजी, याच शहरातले लोक रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडे तोडण्यास निघाले. गोळीबार झाला, शंकर शिवदारे हा तरुण पडला, शहरावर लष्करी कायदा लादला गेला. आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व कुर्बान हुसेन हे चौघे फासावर गेले. ज्या गावाच्या स्वातंत्र्यकथेचा आरंभ शिंदीच्या बुंध्यावरील कुऱ्हाडीने होतो, तेथे पानगृहाची बाजू घेणे हा कृतघ्नपणा नव्हे काय?

नव्हे, असे आमचे उत्तर आहे. ती कुऱ्हाड व्यसनावर होती हे खरेच. पण ती तितकीच सरकारी तिजोरीवर होती. १८७८ च्या अबकारी कायद्यापासून मुंबई इलाख्यातील मद्याचा प्रत्येक थेंब सरकारच्या उत्पन्नाचा झाला होता. ‘गुत्ता’ या शब्दाचा मूळ अर्थच मुळी मक्ता. रयतेला पाजण्याचा मक्ता विकायचा आणि त्या पैशावर राज्य चालवायचे, या व्यवहाराविरुद्ध तो घाव होता. आता त्या हुतात्म्यांचे वारसदार म्हणवणाऱ्या आपण काय केले, ते पाहावे. १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली. पुढे ती सैल होत गेली. परंतु कायद्याचे नाव आजही ‘दारूबंदी’ असेच आहे आणि पिणाऱ्याजवळ परवाना असावा असे तो आजही सांगतो. परमिट रूम हे नाव त्या परवान्यातूनच आले. आणि हा दारूबंदीचा कायदा राबवणाऱ्या खात्याचे नाव काय? राज्य उत्पादन शुल्क विभाग! एका हाताने बंदीची पाटी धरायची आणि दुसऱ्या हाताने महसूल मोजायचा. मक्ता गेला नाही. त्याच्यापुढे केवळ पडदा आला.

या पडद्याने कोणाचे भले झाले? धनिकाला क्लब आहे. तेथे दिवे आहेत, हिरवळ आहे, पानाबरोबर चार पदार्थ आहेत आणि शेजारच्या खुर्चीवर त्याची पत्नीही बसू शकते. आमचे वाचक गोव्यास गेले म्हणजे तेथील एखाद्या तावेर्नात मुलाबाळांसह मासळी खातात आणि परतल्यावर तेथील मोकळेपणाची वाखाणणीही करतात. पण पूर्व भागातील यंत्रमागावर दिवसभर उभे राहून आलेल्या माणसाच्या वाट्याला काय येते? देशी दुकानाची ओलसर फरशी, मूठभर फुटाणे आणि उपाशी पोटी घशाखाली लोटलेले दोन पेले. रिकाम्या पोटी मद्य रक्तात लवकर भिनते आणि अन्नासह ते सावकाश भिनते, ही गोष्ट वैद्यकाचा कोणताही विद्यार्थी सांगेल. श्रीमंताने जेवत प्यावे आणि गरिबाने उपाशी प्यावे, अशी ही वाटणी आहे. आणि मग झिंगून पडलेल्या गरिबाकडे बोट दाखवून आपण नीतीवर व्याख्यान देतो!

बरे, सोलापुरात अन्नाला तोटा आहे असेही नाही. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा जेथे एका चौकात ऐकू येतात, तेथे चार चुलींचे गुणही एका ताटात येतात. सावजी खानावळीतला तिखटजाळ रस्सा, कडक भाकरी, खलबत्त्यात कुटलेली शेंगाची चटणी यांच्यासाठी परगावचा माणूस वाट वाकडी करून येतो. हे ताट आणि तो पेला एका छताखाली, उजेडात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत का येऊ नयेत? मालकाने गिऱ्हाइकाला नावाने ओळखावे, ‘आधी दोन घास खा’ असे दटावावे, आणि तिसऱ्या पेल्याला ‘आता घरी जा’ म्हणून सांगावे, अशी जागा आपल्या पेठेत असणे हे लांच्छन का वाटावे?

जॉर्ज ऑर्वेल याने १९४६ साली लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ पत्रात आपल्या मनातल्या आदर्श पबचे वर्णन केले होते. त्यात अन्न होते, बाग होती, खेळणारी मुले होती. आणि मुलांना, पर्यायाने त्यांच्या आयांना, बाहेर ठेवल्यामुळेच या जागा केवळ पिण्याच्या जागा होऊन बसतात, असे त्याचे मर्म होते. असा परिपूर्ण पब आपण पाहिलेला नाही, हेही त्याने शेवटी सांगून टाकले. म्हणजे पबच्या मायदेशातही ती गोष्ट आयती मिळत नव्हती. ती घडवावी लागते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. तो शास्त्रीबुवांचा नाही. विड्या वळून संसार रेटणाऱ्या बाईचा आहे. नवऱ्याची मजुरी कोठे जाते हे तिला पक्के ठाऊक आहे. निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी कौल दिला तर दुकान बंद होते, आणि या अधिकाराने महाराष्ट्रात ठिकठिकाणी बायांनी ‘बाटली आडवी’ केली आहे. त्यांच्यापुढे आम्ही मान लववतो. मद्याने यकृत झिजते, घरे मोडतात. कोणतेही सुग्रास ताट हे सत्य बदलू शकत नाही. म्हणून आम्ही एकही नवे दुकान मागत नाही. परंतु दुकान मोडले की पिणे मोडते, असे मात्र कोणी मानू नये. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती काही उजेडातल्या टेबलावर बसून प्यायली नव्हती. सोलापूर जिल्ह्यातील तांड्यांवरची हातभट्टी हटवण्यासाठी २०२१ साली ग्रामीण पोलिसांना ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घ्यावे लागले, आणि त्यातही भट्टी फोडून न थांबता त्या कुटुंबांना दुसरा धंदा शोधून द्यावा लागला. नुसत्या बंदीचे दात तोकडे आहेत, याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

कोणी म्हणेल, जागा चांगली केली तर न पिणारेही मोहाने येतील. काही येतील, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु मोह अंधारातही असतोच. अंधारात नसते ती लाज, आणि नसतो तो शेजारी. जेथे आपला मेहुणा किंवा मुलाचा मास्तर समोरच्या टेबलावर भाकरी मोडीत बसला आहे, तेथे माणूस बेताने पितो आणि बेताने बोलतो. समाजाच्या डोळ्यासारखा पहारेकरी नाही, आणि तोच आपण पडदा लावून घालवून दिला आहे.

म्हणून आमची मागणी थोडकी आहे. जी दुकाने आहेत, त्यांत अन्नावाचून पेला देऊ नये. उधारीची वही बंद व्हावी. काचा स्वच्छ असाव्यात. बायकोने मुलाचा हात धरून नवऱ्याला बोलावण्यास निर्धास्त आत यावे, आणि वाटल्यास तेथेच बसून जेवावे. ज्या दुकानाला हे जमणार नाही, त्याची बाटली खुशाल आडवी करावी; त्या मतदानात आमचे मत बायांकडे राहील. मात्र पडदा तसाच ठेवून, महसूल तसाच मोजून, हुतात्म्यांच्या पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालणे, एवढ्यावर यापुढे कोणी स्वतःला नीतिमान म्हणवून घेऊ नये.