बुटांचा मालक कोण?

आमच्या मजल्यावर चार फ्लॅट. समोरच्या दारात कायम निळे स्पोर्ट्स शूज. गेली दोन वर्षं मी त्या बुटांना ओळखते, बुटांच्या मालकाला नाही. हे आत्ताच का खटकलं? कारण गेल्या महिन्यात ऑफिसला जाता-येता लोकलमध्ये तीन रहस्यकथा संपवल्या आणि तिन्हींत खुनाइतकाच महत्त्वाचा निघाला... शेजारी!

घाबरू नका, शेवट फोडणार नाही. तेवढी माणुसकी आहे माझ्यात.

पहिली अगाथा ख्रिस्तीची, १९२६ सालची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’. इंग्लंडमधलं छोटं गाव. गोष्ट सांगणाऱ्या डॉक्टरांची बहीण कॅरोलाइन घराबाहेर न पडता गावातल्या सगळ्या बातम्या मिळवते. दूधवाला, मोलकरणी, सगळं तिचं नेटवर्क! आणि शेजारी कोण, तर निवृत्त होऊन भोपळे पिकवत बसलेला साक्षात पॉयरो. कोण किती वाजता कुठे होतं, हा हिशेब मध्ये जरा रेंगाळतो. पण शेवट वाचला आणि मी मुकाट्यानं पुन्हा पहिलं पान उघडलं.

दुसरी केईगो हिगाशिनोची ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. मूळ जपानी पुस्तक २००५ चं. त्यावरचा ‘जाने जां’ २०२३ मध्ये आला. तो पाहिला असलात तरी पुस्तक वाचाच. इथे खून सुरुवातीलाच, आपल्या डोळ्यांदेखत होतो. खुनी माहीत, मग राहिलं काय? राहतो भिंतीपलीकडचा इशिगामी. गणिताचा शिक्षक, एकटा. यासुको ज्या दुकानात काम करते, तिथून रोज डबा घेणारा. तिच्याशी धड चार वाक्यं न बोललेला हा माणूस आवाज ऐकतो आणि तिला वाचवायला उभा राहतो. त्यानं काय केलं हे कळलं तेव्हा माझं स्टेशन मागे पडलं होतं. शप्पथ! तिन्हींत माझा पहिला नंबर हिचाच.

तिसरी रिचर्ड ऑस्मनची ‘द थर्सडे मर्डर क्लब’, २०२० ची. निवृत्त लोकांच्या वसाहतीत राहणारे चौघं आजी-आजोबा दर गुरुवारी जमून न सुटलेल्या खुनांच्या फायली चाळतात आणि मग खराच खून पडतो. कोडं म्हणून सैल. योगायोग जरा जास्तच. पण एकमेकांच्या औषधांच्या वेळा आणि दुखणी ठाऊक असलेली ही मंडळी सोडवत नाहीत.

तिन्ही पुस्तकं मिटल्यावर एकच प्रश्न छळत राहिला. उद्या माझं काही बरंवाईट झालं, तर पोलिसांना माझ्याबद्दल कोण काय सांगेल? ‘साहेब, काळ्या सँडल्स असायच्या दारात.’ बस्स, एवढंच! चौकश्या करणाऱ्या काकूंना आपण वैतागतो, पण डिटेक्टिव्ह लोकांची निम्मी कामं त्यांच्याच जिवावर चालतात.

परवा रात्री धीर करून समोरची बेल वाजवली. दार किलकिलं झालं. ‘तुमचं पार्सल आमच्याकडे आलंय का?’ त्यानं संशयानं विचारलं.

‘नाही, सहजच आले. नाव विचारायला.’

त्यानं सांगितलं. मीही सांगितलं. चला, एक साक्षीदार तर झाला!