लहान दुकानदार आणि चाळीस लाखांची रेषा

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतील बेकऱ्या, चहाच्या टपऱ्या आणि किराणा दुकाने यांच्या गल्ल्यांवरील क्यूआर कोड उतरू लागले. त्यांच्या जागी 'यूपीआय नाही, फक्त रोख' असे हाताने लिहिलेले कागद झळकले. माहिती-तंत्रज्ञानाची राजधानी म्हणून मिरवणाऱ्या शहरात हे घडावे, याचे अनेकांना नवल वाटले. मला त्यात नवल वाटले नाही. राज्यसंस्थेने आपल्या हाती आलेल्या नव्या माहितीचा जुन्या पद्धतीने वापर केला की काय होते, याचा तो जवळजवळ पाठ्यपुस्तकी नमुना होता.

घटनाक्रम थोडक्यात असा. कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआय सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांकडून २०२१-२२ ते २०२४-२५ या चार वर्षांची माहिती मिळवली. ज्यांच्या खात्यांत वर्षाकाठी ४० लाखांहून अधिक रक्कम जमा झाली, पण ज्यांनी वस्तू व सेवा कराखाली नोंदणी केलेली नव्हती, अशा हजारो व्यावसायिकांना नोटिसा धाडल्या गेल्या. उत्तर कर्नाटकातील एका भाजीविक्रेत्याकडे सुमारे २९ लाख रुपयांची मागणी झाल्याचे वृत्त देशभर गाजले. व्यापाऱ्यांनी २५ जुलैला बंदची हाक दिली. केंद्र आणि राज्य यांनी एकमेकांकडे बोट दाखवून घेतले. अखेर २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींशी चर्चा केली. जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, मात्र पात्र व्यापाऱ्यांनी नोंदणी करावी, असे आश्वासन त्यांनी दिले आणि बंद मागे घेण्यात आला.

वाद मिटला म्हणून प्रश्न सुटला असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. या प्रकरणात ती महागात पडेल. कारण जो प्रश्न कर्नाटकात उघडा पडला, तो कोणत्याही राज्यात उद्भवू शकतो. माहिती सर्वत्र उपलब्ध आहे, महसुलाची निकड सर्वच राज्यांना आहे आणि कायदाही बव्हंशी एकच आहे.

प्रथम विभागाची बाजू पाहू. ती पोकळ नाही. कर हा विक्रीवर असतो. पैसे रोखीने आले की मोबाइलवरून, याने त्याच्या देयतेत फरक पडत नाही. दोन कोटींची उलाढाल करणारी एखादी बेकरी नोंदणीच करत नसेल, तर ती केवळ सरकारला नव्हे, शेजारच्या प्रामाणिक बेकरीवाल्यालाही फसवत असते. तो कर भरतो, हिशेब ठेवतो, आणि म्हणूनच त्याचा माल महाग ठरतो. लहान व्यावसायिकांविषयीच्या सहानुभूतीपोटी या दुसऱ्या लहान व्यावसायिकाचा विसर पडता कामा नये. तेव्हा विभागाने माहिती तपासली यात मुळात काही गैर नाही. त्या माहितीचा अर्थ कसा लावला गेला, तेथून आक्षेप सुरू होतो.

खात्यात जमा झालेली रक्कम म्हणजे उलाढाल नव्हे, उलाढाल म्हणजे करपात्र विक्री नव्हे आणि करपात्र विक्री म्हणजे नफा तर मुळीच नव्हे. या चार गोष्टींमधील अंतर हाच लहान धंद्याचा सारा संसार असतो. छोट्या दुकानदाराच्या खात्यात भावाने पाठवलेले पैसे येतात, हातउसने परत येतात, भिशीची रक्कमही येते. घरचा आणि दुकानाचा पैसा वेगळा ठेवण्याची चैन त्याला परवडत नाही. शिवाय तो जे विकतो, त्यातील ताजी भाजी, फळे, दूध यांवर करच नाही.

येथे कायद्याची गुंतागुंत समजून घेण्यासारखी आहे. केवळ करमुक्त वस्तू विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही, मग त्याची उलाढाल कितीही असो. परंतु दुधाच्या पिशव्यांसोबत त्याने बिस्किटाचे पुडे ठेवले की चित्र बदलते. आता नोंदणीची मर्यादा मोजताना करपात्र बिस्किटांबरोबर करमुक्त दुधाची विक्रीही धरली जाते. पुढे जाऊन त्याने कोपऱ्यात स्टोव्ह मांडून कॉफी विकायला सुरुवात केली, तर तो सेवाही पुरवू लागला. ४० लाखांची मर्यादा केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी आहे. सेवा देणाऱ्यांसाठी ती सर्वसाधारणपणे २० लाख आहे. म्हणजे एका स्टोव्हमुळे मर्यादा निम्म्यावर आली. २० लाख म्हणजे दिवसाला साडेपाच हजारांच्या आत-बाहेर. बंगळुरूच्या वर्दळीच्या चौकातील टपरीला हा आकडा अशक्य नाही. वाणिज्य शाखेच्या पदवीधरालाही सहज न उमगणारा हा नियम त्या टपरीवाल्याला ठाऊक असेल, हे आपण कोणत्या आधारावर गृहीत धरतो?

आता पूर्वलक्षी मागणीचे गणित पाहू. समजा, एका दुकानाची वार्षिक उलाढाल ५० लाख आहे. त्यातील ३० लाख दूध आणि भाजी यांचे, तर २० लाख १८ टक्के कराच्या वस्तूंचे आहेत. हा २० लाखांचा माल त्याने १८ लाखांना घेतला. तो वेळेवर नोंदणीकृत असता, तर विक्रीवरील ३ लाख ६० हजारांच्या करातून खरेदीवर भरलेले ३ लाख २४ हजार वजा होऊन त्याला अवघे ३६ हजार भरावे लागले असते. दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीसाठी असलेली संयुक्त कर योजना, म्हणजे कंपोझिशन, त्याने स्वीकारली असती, तर करपात्र विक्रीवर १ टक्का या दराने २० हजारांत काम भागले असते. पण नोंदणीच नसल्याने खरेदीवरील कराची वजावट नाही आणि संयुक्त योजनेचा लाभही नाही. परिणामी पूर्ण ३ लाख ६० हजारांची मागणी उभी राहते. त्यावर व्याज आणि दंड वेगळा. विभागाने साऱ्या ५० लाखांनाच करपात्र धरले, तर ती ९ लाखांवर जाते. या करपात्र मालावर दुकानदाराला मिळालेला ढोबळ नफा होता दोन लाख. आणि हे एका वर्षाचे. नोटिसा चार वर्षांच्या होत्या.

यातील सरकारचे खरे नुकसान किती? वीस ते छत्तीस हजार रुपयांचे. कारण घाऊक व्यापाऱ्याकडून माल घेताना दुकानदाराने बहुतांश कर आधीच भरलेला होता. वीस हजारांच्या चुकीसाठी नऊ लाखांची भीती दाखवणारी व्यवस्था न्याय्य नाही; आणि निव्वळ महसुलाच्या दृष्टीने पाहिले तरी शहाणपणाची नाही. नोटीस ही प्राथमिक असते, पुरावे दिल्यास मागणी कमी होते, असे विभागाने सांगितले. ते खरेही आहे. मात्र ज्याच्याकडे हिशेबनीस नाही, त्याला ती इंग्रजीमिश्रित सरकारी भाषेतील नोटीस अंतिम निवाड्यासारखीच भासते. सल्लागाराची फी, कार्यालयाच्या खेपा आणि त्या दिवशीचे बंद दुकान ही शिक्षा त्याला मागणी रद्द होण्याआधीच भोगावी लागते.

या प्रकरणातील सर्वांत क्लेशदायक विसंगती वेगळीच आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पथविक्रेत्यांना कर्ज देताना डिजिटल व्यवहार करणाऱ्यांसाठी वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत कॅशबॅक ठेवण्यात आली. यूपीआय घ्या, तुमचा आर्थिक इतिहास तयार होईल, बँक तुम्हाला दारात उभे करील, असे या वर्गाला वारंवार सांगितले गेले. त्याने ते ऐकले. आणि जो इतिहास त्याला कर्ज मिळवून देणार होता, तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला. ज्याने सारा व्यवहार रोखीत केला, त्याला नोटीस आली नाही. याहून उलटा धडा देता आला असता असे मला वाटत नाही.

लहान व्यावसायिक नियमांना बहुधा मोर्चा काढून उत्तर देत नाही. तो अंग चोरून घेतो. कर्नाटकात तो क्यूआर कोडवरून रोखीकडे वळला. अन्यत्र त्याचे रूप निराळे असते. आयकर कायद्याच्या कलम ४३ब मध्ये केलेली दुरुस्ती आठवा. सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे कमाल ४५ दिवसांत न चुकवल्यास खरेदीदाराला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळणार नाही, अशी ती तरतूद. हेतू निर्विवाद चांगला. थकीत देयकांनी लघुउद्योगांचा गळा आवळला जातो हे सत्यच आहे. परंतु २०२४ च्या प्रारंभी सुरतेच्या कापड बाजारापासून अनेक ठिकाणांहून तक्रारी आल्या, की खरेदीदार नोंदणीकृत लघुउद्योजकाऐवजी इतरांकडून माल घेऊ लागले आहेत. संरक्षण देणारी उद्यम नोंदणीच काहींना अडचणीची वाटू लागली. जेथे खरेदीदार बलवान आणि विक्रेता दुबळा आहे, तेथे केवळ कागदावरचा हक्क विक्रेत्याच्या हातून काम काढून घेऊ शकतो, हे त्या तरतुदीच्या कर्त्यांनी बाजारात जाऊन विचारले असते तर समजले असते. उंटावरून शेळ्या हाकण्याचा हा दोष पक्षनिरपेक्ष आहे. केंद्रातही तो दिसतो आणि राज्यांतही.

आपल्या नियमव्यवस्थेचा एकूण भार मोठा आहे, हे आता वेगळे सांगायला नको. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अहवालाने देशातील व्यवसायांवरील अनुपालनांची संख्या ६९,२३३ इतकी मोजली होती. त्यांपैकी २६,१३४ मध्ये कारावासाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतील १८३ तरतुदी सौम्य केल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने कमी जोखमीच्या लहान व्यावसायिकांना तीन कार्यदिवसांत नोंदणी देण्याचा निर्णय घेतला. दिशा योग्य आहे. पण नोंदणी लवकर मिळणे आणि नोंदणी केल्याचा पश्चात्ताप न होणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून काही ठोस सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, मर्यादेविषयी. वस्तूंसाठी ४० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे. तेव्हापासून महागाई वाढत गेली, मर्यादा जागची हललेली नाही. म्हणजे धंदा तसूभरही न वाढता केवळ भाववाढीमुळे दरवर्षी काही दुकाने रेषेपलीकडे ढकलली जातात. दुसरीकडे, एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंतची उलाढाल असलेल्या उद्योगालाही 'सूक्ष्म' म्हटले जाते. दोन्ही मोजपट्ट्यांचे हेतू भिन्न आहेत हे मान्य. तरीही एकीचे पुनरावलोकन होते आणि दुसरीचे होत नाही, हे समर्थनीय नाही. ठरावीक कालावधीने महागाईशी सांगड घालून मर्यादा सुधारण्याचा नियमच करावा. आणि वस्तू व सेवा यांचा मिश्र धंदा करणाऱ्या छोट्यांसाठीचा २० लाखांचा सापळा काढून टाकावा.

दुसरी सूचना कार्यपद्धतीविषयी. डिजिटल माहितीवरून प्रथमच निदर्शनास आलेल्या लहान व्यावसायिकाला आधी विचारणा करणारे पत्र जावे, मागणी करणारी नोटीस नव्हे. ते त्याच्या भाषेत असावे. काय विकता, त्यातील करमुक्त किती, खात्यात घरचे पैसे किती, इतकेच त्यात विचारावे. उत्तरावरून देयता दिसत असेल, तर पुढच्या तारखेपासून नोंदणी आणि संयुक्त योजनेत प्रवेश द्यावा. बनावट बिले किंवा जाणूनबुजून केलेली लपवाछपवी आढळली, तरच मागील वर्षांचे दप्तर उघडावे.

तिसरी सूचना मला सर्वाधिक महत्त्वाची वाटते. दिलासा कायद्याने मिळावा, आश्वासनाने नव्हे. मुख्यमंत्र्यांचा शब्द बंद टाळण्यास पुरेसा ठरला. पण कराची देयता कोणाच्या शब्दाने संपत नाही. सरकार बदलते, अधिकारी बदलतात, लेखापरीक्षक आक्षेप काढतात आणि मिटलेली मानलेली फाइल पुन्हा टेबलावर येते. जीएसटीच्या आरंभीच्या तीन वर्षांतील काही प्रकरणांत मूळ कर भरल्यास व्याज व दंड माफ करण्याची तरतूद परिषदेच्या शिफारशीने कलम १२८क द्वारे करण्यात आलीच होती. तीच वाट लहान, प्रथमच नोंदणी करणाऱ्या व्यावसायिकांसाठी, मूळ करही संयुक्त योजनेच्या दराने आकारून, मोकळी करता येईल. कर्नाटकने परिषदेत हा प्रस्ताव मांडावा आणि इतर राज्यांनी, ती कोणत्याही पक्षाची असोत, त्याला पाठिंबा द्यावा. आज ना उद्या ही वेळ त्यांच्यावरही येणार आहे.

करव्यवस्थेचा पाया विस्तारला पाहिजे, याविषयी दुमत नाही. पण रोखीकडे परतलेला दुकानदार जसा करविभागाच्या नजरेआड होतो, तसा बँकेच्या आणि कल्याणकारी योजनांच्याही नजरेआड होतो. त्याच्या मुलीच्या शिक्षणासाठी किंवा दुसऱ्या दुकानासाठी त्याला पुन्हा सावकाराच्या पायऱ्या चढाव्या लागतात. गल्ल्यावरून उतरलेला तो क्यूआर कोड परत लावायचा की नाही, हे तो सरकारच्या भाषणांवरून ठरवणार नाही. शेजारच्या दुकानदाराला आलेल्या पुढच्या पत्रात काय लिहिले आहे, ते वाचून तो ठरवील.