ब्रेनर्डच्या मुलींची पत्रे : श्रद्धेचा पुरावा?

ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३ मध्ये मुंबईत मराठी मिशन सुरू केले, त्यानेच १८१७ मध्ये टेनेसीतील चेरोकी प्रदेशात ब्रेनर्ड येथे निवासी शाळा काढली. १८२८च्या सुमारास तेथील मुलींनी लिहिलेली पत्रे निखळ श्रद्धेचा आविष्कार मानणे भाबडेपणाचे. शिक्षिकेने गिरवून घेतलेला धडा म्हणून ती बाजूस सारणे तितकेच उतावळेपणाचे. पत्रे इंग्रजीत आहेत, मिशनच्या छपराखाली, उत्तरेकडील देणगीदारांसाठी लिहिलेली आहेत. तेव्हा त्यांतील धर्मनिष्ठेची भाषा अपेक्षितच होय. लक्षणीय आहे तो एका पत्रातील वेगळा सूर : चेरोकी लोक सुधारत आहेत, त्यांच्याकडे छापखाना आहे, स्वतःचे वृत्तपत्र आहे. छपाईस बोर्डाचे साहाय्य होते खरे. परंतु इंग्रजीबरोबर ज्या चेरोकी लिपीत ते निघे, ती इंग्रजी वाचता न येणाऱ्या सिक्वोयाने १८२१ मध्ये सिद्ध केली होती. अशा मुलीची निष्ठा ख्रिस्ताशी की स्वराष्ट्राशी, हा पर्याय उभा करणे हाच मुळात अभ्यासकाचा दोष. तिच्या लेखी या दोन निष्ठा परस्परविरोधी नसाव्यात. त्या तशा नव्हत्या याची दखल शासनाने मात्र घेतली नाही. १८३८ मध्ये ब्रेनर्ड बंद पडले आणि बाप्तिस्मा झालेली चेरोकी कुटुंबेही इतरांसमवेत पश्चिमेकडे हाकलली गेली.