एका मनोऱ्याचें देऊळ

प्रवास घडून आल्यावर त्याचें वर्णन लिहावें, अशी चाल आहे. आम्हीं मात्र या खेपेस निघण्यापूर्वींच लेखणी उचलली आहे. कोठें जावयाचें हें ठरण्यास आमच्या घरीं एक घटका पुरली. परंतु जावें कीं जाऊं नये, हें ठरण्यास दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जें बोलणें झालें, तें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं होण्यासारखें आहे. म्हणून तें येथें सांगतों.

गोष्टीचा आरंभ आमच्या नातीपासून झाला. ती यंदा नववींत आहे. भिंतीवरील दिनदर्शिकेवर जुन्या गोव्यांतील मोठ्या चर्चचें चित्र होतें. तें बराच वेळ न्याहाळून ती म्हणाली, "आजोबा, या देवळाला एकाच बाजूला मनोरा कां? दुसऱ्या बाजूची जागा रिकामीच दिसते." आम्हीं तीस वर्षें शाळेंत इतिहास व संस्कृत हे विषय शिकविले, पण या प्रश्नाचें उत्तर आमच्या जिभेवर नव्हतें. ग्रंथ धुंडाळले, तेव्हां तें सांपडलें.

तें देऊळ म्हणजे से कॅथीड्रल. १५६२ मध्यें त्याच्या बांधकामास आरंभ झाला, मुख्य इमारत १६१९ मध्यें पुरी झाली, आणि आंतील वेद्यांचें काम १६५२ पर्यंत चाललें. लांबी सुमारें २५० फूट, रुंदी सुमारें १८१ फूट. २५ नोव्हेंबर १५१० रोजीं आल्बुकर्कनें आदिलशाहीकडून गोवें घेतलें. तो दिवस संत कॅथरीनचा, म्हणून हें देऊळ तिच्या नांवें आहे. मनोरे मूळचे दोन होते. त्यांपैकीं एक १७७६ मध्यें कोसळला. तोंवर जुनें शहर रोगराईनें ओस पडत चाललें होतें. व्हाइसरॉयनें १७५९ मध्येंच आपलें बिऱ्हाड पणजीकडे हलविलें होतें. पडलेला मनोरा पुन्हां कोणीं उभारला नाहीं. जो उरला, त्यांत गोव्यांतील सर्वांत मोठी घंटा आहे; तिच्या नादावरून तिला सुवर्णघंटा म्हणतात.

नांवाचाहि उलगडा आम्हीं नातीस करून दिला. 'से' म्हणजे धर्माधिकाऱ्याचें आसन, अर्थात् पीठ. हा शब्द लॅटिन 'सेदेस'पासून आला. आणि आमच्या संस्कृतांतील 'सद्' म्हणजे बसणें, हा धातु त्याच घराण्यांतला. तेव्हां सदन, परिषद्, सभासद हे आपले शब्द त्या 'से'चे चुलतभाऊ ठरतात. हें ऐकून नात म्हणाली, "मग भावाच्या घरीं एकदां जायलाच हवें." तेथेंच प्रवासाचा बेत ठरला.

बेताच्या सोयीहि मनाजोग्या होत्या. २८ फेब्रुवारी २०२४ पासून आमच्या कळंबास वर्ध्याची आगगाडी येऊं लागली आहे. वर्ध्यास गाडी बदलून कल्याण-पनवेलकडे जावें आणि पुढें १९९८ पासून सर्व मार्गानें खुल्या झालेल्या कोंकण रेल्वेनें करमळीस उतरावें. तेथून जुनें गोवें अगदीं जवळ. आम्ही पेन्सिल घेऊन टिपण करावयास बसलों, तों सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या. त्यांचें माहेर सावंतवाडीकडील. माहेरचें कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. त्या म्हणाल्या, "अहो, ज्यांच्यामुळें आमचे देव नदीपार न्यावे लागले, त्यांचे मनोरे पाहावयास आपण पदरमोड करून जावयाचें?"

या प्रश्नास थट्टेनें उत्तर देणें शक्य नव्हतें, कारण तो खरा आहे. सोळाव्या शतकांत पोर्तुगीज अमलाखालील तालुक्यांतील देवळें सरकारी आज्ञेनें मोडण्यांत आलीं. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्यें जुवारी नदी ओलांडून प्रियोळास नेण्यांत आला. केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. फोंड्याचा तो मुलूख त्या काळीं पोर्तुगीजांच्या हातीं नव्हता, म्हणून देव तेथें निर्भय झाले. त्याच १५६० सालीं गोव्यांत धर्मन्यायासन बसलें, आणि मधलीं थोडीं वर्षें वगळतां १८१२ पर्यंत तें चाललें. ज्यांच्या घराण्यांत ही आठवण पणजीकडून नातीकडे चालत आली, त्यांना 'झालें गेलें विसरा' असें सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

परंतु आमच्या मनांत दुसरीहि एक आठवण होती, आणि ती आम्हीं आजवर घरांत कोणास सांगितली नव्हती. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही वर्गांत हाच इतिहास शिकवीत होतों. तरुण वय, आवाजांत आवेश. देव नदीपार नेल्याचा प्रसंग आम्हीं इतका रंगवून सांगितला कीं वर्ग स्तब्ध झाला. शेवटच्या बांकावर एक ख्रिस्ती विद्यार्थी होता. त्याचे वडील त्याच गांवीं दवाखान्यांत नोकरीस होते. सारीं मुलें मागें वळून त्याच्याकडे पाहूं लागलीं. घंटा झाल्यावर तो जवळ आला आणि अगदीं हळू म्हणाला, "गुरुजी, त्यांत मी कोठें होतों?" आम्हीं त्यास "जा, पुढचा तास आहे," एवढेंच सांगितलें. धड्यांत एक अक्षर खोटें नव्हतें. तरीहि त्या मुलास त्या दिवशीं आम्हीं आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें, हें आम्हांस त्याच रात्रीं कळलें; पण दुसऱ्या दिवशीं त्यास बोलावून घेण्याचें धैर्य झालें नाहीं.

ही हकीकत आम्हीं सौभाग्यवतींस सांगितली. त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. तेव्हां आम्हीं दुसरा दाखला पुढें केला. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, आणि तेथील चर्चांच्या मनोऱ्यांतील घंटा मराठ्यांनीं आपल्या देवस्थानांस वाहिल्या. भीमाशंकरास ती आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे, आणि तिच्यावर मेरी व बाळ येशू यांची आकृति अजून दिसते. नाशिकास गोदातीरीं नारोशंकराच्या देवळावर आहे. नाशिकच्या घंटेस सौभाग्यवतींनीं स्वतः हात जोडलेले आम्हीं पाहिले होते. आम्हीं म्हटलें, "ज्या घंटेस आपण नमस्कार केला, ती पूर्वीं जशा मनोऱ्यांत वाजत असे, तो मनोरा पाहावयास काय हरकत?"

त्यावर त्या म्हणाल्या, "घंटा आपण जिंकून आणल्या; देव आम्हांला लपवून न्यावे लागले. दोन्ही गोष्टी सारख्या कशा?" वाचकहो, या उत्तरापुढें आमची विद्या खुंटली, हें कबूल करण्यांत आम्हांस कमीपणा वाटत नाहीं.

तोड नातीनें काढली. ती म्हणाली, "आजी, आधीं तुझ्या शांतादुर्गेला जाऊं. मग जुन्या गोव्याला. म्हणजे आपण देवांना विचारून गेल्यासारखें होईल." सौभाग्यवतींनीं थोडा विचार केला आणि निर्णय दिला: "आधीं कवळें, मग मंगेशी. त्यानंतर तुमचा मनोरा. पण मी आंत येईन कीं बाहेर झाडाखालीं बसेन, तें मी तेथें ठरवीन." आम्हीं तो निर्णय शिरसावंद्य मानला. जें दुःख आपलें नाहीं, त्याला किती दिवसांत विसरावें याची मुदत आपण घालून देऊं नये.

आतां बेताचा तपशील, इतर कुटुंबांच्या उपयोगासाठीं. पावसाळा टाळावा. तेथील इमारती जांभ्या दगडाच्या. तो दगड पाणी पितो, म्हणून त्यास चुन्याच्या गिलाव्याचें आवरण लागतें. हें आवरण व देखभाल सुटली म्हणजे काय होतें, तें संत ऑगस्टिनच्या मनोऱ्यापाशीं दिसतें. तें देऊळ १६०२ मध्यें पुरें झालें. १८३५ मध्यें तेथील संन्याशांस जावें लागलें. १८४२ मध्यें छत कोसळलें. १९३१ मध्यें दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. आज सुमारें ४६ मीटर उंचीचा एक भग्न सुळका उरला आहे. तेथील घंटा मात्र वांचली. १८७१ पासून ती पणजीच्या चर्चवर वाजते.

समोरच बों जेझूचें देऊळ आहे. तें १६०५ मध्यें वाहिलें गेलें. १५५२ मध्यें निवर्तलेल्या संत फ्रान्सिस झेवियरचा देह तेथें ठेवला आहे. ३ डिसेंबर हा त्याचा उत्सवदिन असल्यानें त्या सुमारास अलोट गर्दी होते. ज्यांस शांतपणें पाहावयाचें असेल त्यांनीं तो आठवडा सोडावा. या साऱ्या वास्तूंस १९८६ पासून जागतिक वारशांत स्थान आहे; पण त्या पदार्थसंग्रहालयें नव्हेत, तेथें नित्य उपासना चालते, हें विसरूं नये. खांदे व गुडघे झांकतील अशीं वस्त्रें असावींत. पुरुषांनीं आंत टोपी काढावी. आपल्या रीतीच्या हें उलट आहे, पण घर त्यांचें, रीत त्यांची. प्रार्थना चालू असल्यास मागील बांकावर बसावें. शेवटीं जो प्रसाद देतात, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठींच असतो. म्हणून भक्तिभावानेंहि त्या रांगेंत उभें राहूं नये. आणि मनोऱ्यावर चढण्याचा हट्ट मुलांनीं धरूं नये. तो खालूनच पाहावयाचा असतो.

मुलांस आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. १५७९ मध्यें गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें मराठी ओवींत 'क्रिस्तपुराण' रचलें. तें १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. ओव्यांची संख्या दहा हजारांवर आहे. ज्या शतकांत देवळें मोडलीं, त्याच्या पुढच्याच शतकाच्या आरंभीं त्याच राज्यांत आपल्या भाषेचा हा आदर झाला. एकानें दुसरें पुसलें जात नाहीं, दोन्ही सांगावीं.

निघण्याच्या दिवशीं पहाटे आम्ही आमच्या चिंतामणीच्या दर्शनास जाणार. बाहेरगांवच्या वाचकांस ठाऊक नसेल, म्हणून सांगतों, कीं आमचा गणपति भूमीच्या पातळीखालीं आहे. त्याच्याकडे पायऱ्या उतरून जावें लागतें. खालीं उतरून देव पाहणाऱ्यांनीं आतां मान वर करून मनोरा पाहावयाचा आहे.

त्या जुन्या विद्यार्थ्याचा पत्ता आम्हीं मोठ्या खटपटीनें मिळविला आहे. त्याचें वय आतां पन्नाशीस आलें असेल. गोव्याहून त्यास एक पत्र घालावयाचें योजिलें आहे. त्यांत प्रवासाचें वर्णन थोडकेंच असेल. पस्तीस वर्षांपूर्वींच्या त्याच्या प्रश्नाचें उत्तर असेल. "तूं त्यांत नव्हतास, आणि तें त्याच तासाला साऱ्या वर्गापुढें सांगणें आमचें काम होतें," इतकें वाक्य तयार आहे. पुढचें तेथें गेल्यावर सुचेल.